मॉरिशसमधील कंपनी आणि तिच्यामागचे दोन कायदे

भोसरीतील एका कौटुंबिक कंपनीच्या संचालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंचनाचे पंप बनवणारी त्यांची कंपनी मोझांबिक आणि मादागास्कर येथे विक्री व दुरुस्तीची केंद्रे उभारू इच्छिते आणि त्यासाठी मॉरिशसमध्ये एक कंपनी काढत आहे. त्या कंपनीचे ६० टक्के भाग (शेअर) भोसरीच्या कंपनीकडे आणि ४० टक्के भाग मॉरिशसमधील एका मराठी कुटुंबातील उद्योजकाकडे व्यक्तिशः राहतील. मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई येथील सेवा कंपनीने छापील नमुन्याची घटना, म्हणजे कंपनीच्या कारभाराचे मूळ नियमपत्र, सहीसाठी पाठवली आहे आणि भागधारक करार पुण्यातील वकिलांनी भारतीय नमुन्यावरून तयार केला आहे. ते विचारतात : “भागीदार अगदी घरच्यासारखा आहे आणि कंपनी तशी कागदावरचीच आहे. एवढी कागदपत्रे पुरेशी आहेत का? आणि वाद झालाच तर दाद कुठे मागायची?”

ही कागदपत्रे पुरेशी नाहीत आणि त्यांवर आहे त्या स्वरूपात सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबईत वकिली सुरू केल्यानंतर गेली एकवीस वर्षे मी पोर्ट लुई येथे कंपनी व व्यापारी कायद्याचे काम करतो आहे. भारतातून आलेल्या उद्योजकांची जी प्रकरणे बिघडलेली मी पाहिली, त्यांतील बहुतेकांचे मूळ “कंपनी कागदावरचीच आहे” या समजुतीत होते. मॉरिशसचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी भूमी. तेथील कायदा मात्र पूर्ण वाढीचा आहे, त्याच्यामागे न्यायालय आहे, आणि त्या न्यायालयावर अंतिम अपील ऐकणारी लंडनमधील प्रिव्ही कौन्सिल आहे. तेथे नोंदलेली कंपनी ही त्या कायद्याची स्वतंत्र व्यक्ती असते. ती भोसरीच्या कार्यालयाची परदेशातील टपालपेटी नसते.

पुण्याचा करार तेथे का चालत नाही, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो. हे बेट १७१५ पासून फ्रेंचांकडे होते. १८०८ मध्ये नेपोलियनची नागरी संहिता तेथे लागू झाली, पुढल्याच वर्षी व्यापारी संहिता आली, आणि १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकून घेतले. शरणागतीच्या अटींमध्ये रहिवाशांचे धर्म, कायदे आणि रीतिरिवाज कायम ठेवण्याचे वचन इंग्रजांनी दिले आणि १८१४ च्या पॅरिस तहानंतरही ते पाळले गेले. त्यामुळे करार, मालमत्ता, तारण, विवाह आणि वारसा हे विषय आजही फ्रेंच भाषेत लिहिलेल्या नागरी संहितेखाली येतात, तर कंपनी, विश्वस्त व्यवस्था, पुरावा आणि न्यायालयाची रीत इंग्रजी वळणाची आहे. सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, परंतु कराराचा मुद्दा आला की निकालपत्रात फ्रेंच न्यायालयांचे निर्णय आणि फ्रेंच भाष्यकार उद्धृत होतात. ज्या कायद्याचे मूळ फ्रान्समध्ये आहे त्यासाठी फ्रेंच निर्णयांचे मार्गदर्शन घ्यावे, हा दंडक तेथे १९३७ पासून रुळलेला आहे. मजेची गोष्ट अशी की, फ्रान्सने २०१६ मध्ये आपला करारविषयक कायदा नव्याने लिहून कलमांचे क्रमांकही बदलले, पण मॉरिशसची संहिता जुन्या क्रमांकांनिशी चालू राहिली. “विधिवत केलेला करार हा करणाऱ्यांसाठी कायदाच होय” असे सांगणारे कलम तेथे अजूनही ११३४ आहे.

आपली कंपनी या दोन कायद्यांच्या बरोबर सांध्यावर उभी राहणार आहे. कंपनीची घटना, संचालकांची कर्तव्ये आणि भागधारकांचे हक्क यांसाठी २००१ चा कंपनी कायदा लागू होईल, जो न्यूझीलंडच्या १९९३ च्या कायद्याच्या धर्तीवर रचलेला आहे. भागधारक करार मात्र नागरी संहितेच्या कक्षेत जाईल. भारतात आपण या दोन दस्तांकडे जवळजवळ एकाच नजरेने पाहतो आणि करारातील महत्त्वाची कलमे नियमावलीत उतरवणे हे सोयीचे काम मानतो. मॉरिशसमध्ये कलम कोणत्या दस्तात लिहिले यावर त्याचे बळ ठरते.

त्याचे कारण संहितेच्या कलम ११४२ मध्ये आहे. एखादी गोष्ट करण्याचे किंवा न करण्याचे बंधन मोडले गेले तर त्याचे पर्यवसान नुकसानभरपाईत होते, असे ते कलम सांगते. न्यायालयांनी या तत्त्वाला काळाच्या ओघात बरीच मुरड घातली आहे आणि तातडीचा मनाई आदेश न्यायाधीशांच्या दालनातून मिळू शकतो. तरीही युक्तिवाद सुरू होतो तो याच कलमापासून. आपल्या करारात “भागीदाराने आमच्या संमतीखेरीज भाग विकू नयेत”, “पाच वर्षांनंतर ठरावीक सूत्राने त्याचे भाग विकत घेण्याचा पर्याय आम्हाला राहील” अशी कलमे आहेत. समजा, आपण तो पर्याय वापरण्याआधीच भागीदाराने आपले वचन मागे घेतले. जुन्या फ्रेंच निर्णयांच्या परंपरेत अशा परिस्थितीत केवळ भरपाई मिळते, भाग मिळत नाहीत, असा निर्णय १९९३ मध्ये पॅरिसच्या उच्चतम न्यायालयाने दिला होता. फ्रान्सने २०१६ च्या सुधारणेत ही स्थिती बदलली, पण ती सुधारणा मॉरिशसच्या संहितेत आलेली नाही. म्हणून मी नेहमी आग्रह धरतो की भागांच्या हस्तांतरणावरील बंधने, प्रथम खरेदीचा हक्क, विशेष संमतीचे विषय आणि संचालक नेमण्याचा अधिकार ही चार कलमे कंपनीच्या घटनेतच लिहावीत. घटना ही कंपनी कायद्यानुसार कंपनीवर आणि प्रत्येक भागधारकावर बंधनकारक असते. घटनेच्या विरुद्ध आलेले हस्तांतरण नोंदवण्यास संचालक मंडळ नकार देऊ शकते आणि मग प्रश्न भरपाईचा राहत नाही, मालकीचा राहतो. सेवा कंपनीने पाठवलेल्या छापील घटनेत या चारपैकी तीन गोष्टी मुळीच नाहीत, हे मी पाहिले.

करारातील आणखी काही जागा वकिलांना दाखवून द्याव्यात. भारतीय करार कायद्यातील प्रतिफलाची, म्हणजे वचनाच्या बदल्यात काही मिळण्याची, अट तेथे नाही आणि तिच्या जागी फ्रेंच कायद्यातील “कोझ”, म्हणजे बंधनामागचे कारण, ही कल्पना आहे. त्यामुळे प्रतिफल मिळाल्याचे आपल्या मसुद्यातील ठोकळेबाज वाक्य तेथे निरुपयोगी आहे. करार सद्भावनेने पार पाडण्याचे बंधन संहितेतच लिहिलेले आहे, त्यामुळे “आम्ही फक्त शब्दांना बांधील आहोत” हा पवित्रा तेथे फार काळ टिकत नाही. आणि समोरचा चुकला म्हणून दावा करण्यापूर्वी त्याला रीतसर ताकीद द्यावी लागते. तिला तेथे “मिझ आँ दमर” म्हणतात. ही ताकीद कोणत्या स्वरूपात आणि किती मुदतीची असावी, किंवा केवळ मुदत उलटली की ती दिली असे समजावे का, हे करारातच ठरवून ठेवता येते. ठरवले नाही तर वादाचे पहिले सहा महिने याच मुद्द्यावर जातात.

आता घरच्यासारख्या भागीदाराविषयी. येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण भारतातून येणाऱ्या मसुद्यांमध्ये हा भाग हटकून सुटतो. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी आणि आसपासच्या मुलखातून मुंबई बंदरामार्गे मॉरिशसला गेलेल्या मजुरांच्या वंशजांनी आपली भाषा, गणपती आणि भजने तेथे जपली आहेत. तेथील कास्काव्हेल या गावात कोणी आपल्याशी मराठीतून बोलू लागले की परक्या देशात असल्याचा विसर पडतो, हा अनुभव मीही घेतला आहे. पण आपला भागीदार मनाने कितीही मराठी असला तरी त्याचा विवाह, त्याची मालमत्ता आणि त्याचा वारसा यांवर भारतीय कायदा लागू होत नाही.

पहिली गोष्ट विवाहाची. मॉरिशसमध्ये नागरी विवाह करताना पतीपत्नींनी वेगळी व्यवस्था निवडली नसेल, तर त्यांच्यात मालमत्तेची कायदेशीर भागीदारी निर्माण होते आणि विवाहानंतर कमावलेली मालमत्ता सामाईक धरली जाते. भागीदार स्वतःच्या नावावर ४० टक्के भाग घेणार असेल, तर त्या भागांचे मोल या सामाईक मालमत्तेत जाण्याची शक्यता असते. उद्या घटस्फोट झाला तर आपल्या कंपनीच्या भागांचे मूल्यांकन, आणि त्यासोबत आपली हिशेबाची पुस्तके, एका कौटुंबिक वादाचा विषय होतात. म्हणून भागीदाराला त्याचा विवाह कोणत्या व्यवस्थेखाली झाला आहे हे विचारावे आणि पत्नीची लेखी संमती घ्यावी. असे विचारणे आपल्याकडे उद्धटपणाचे वाटते. तेथे मात्र जमिनीच्या प्रत्येक व्यवहारात नोटरी हाच प्रश्न विचारतो आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नाही.

दुसरी गोष्ट वारशाची. आपल्याकडे स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने हवी त्याला देता येते. मॉरिशसच्या संहितेत मुलांचा राखीव हिस्सा असतो : एक अपत्य असेल तर निम्मी मालमत्ता, दोन असतील तर दोन तृतीयांश आणि तीन किंवा अधिक असतील तर तीन चतुर्थांश मालमत्ता बापाला किंवा आईला मृत्युपत्राने त्यांच्याकडून काढून घेता येत नाही. त्यामुळे “माझ्यानंतर व्यवसाय थोरला मुलगा बघेल” असे भागीदाराने आपल्याला शंभरदा सांगितले असले तरी त्याच्या मृत्यूनंतर भाग सर्व वारसांच्या अविभक्त मालकीत जातात, आणि त्यांतील एखादा पॅरिसमध्ये, एखादी मेलबर्नमध्ये असू शकते. मी हाताळलेल्या एका प्रकरणात ४५ टक्के भागांचे पाच वारस होते, त्यांच्यात एकमत होईना, आणि दोन वर्षे विशेष ठराव संमत होऊ शकला नाही. त्यात कोणाचाही दुष्टपणा नव्हता. घटना लिहिणाऱ्याने मृत्यूचा विचारच केला नव्हता, एवढेच. यावर उपाय दोन आहेत. एक म्हणजे भागीदाराने व्यक्तिशः भाग न घेता आपल्या कुटुंबाच्या एखाद्या कंपनीमार्फत घ्यावेत आणि त्या कंपनीचे नियंत्रण बदलले तर काय होईल हे आपल्या घटनेत लिहावे. दुसरा म्हणजे भाग व्यक्तिशःच राहणार असतील, तर मृत्यूनंतर ठरावीक मुदतीत आणि तटस्थ लेखापरीक्षकाने ठरवलेल्या किमतीला ते विकत घेण्याचा हक्क, आणि तोपर्यंत सर्व वारसांनी मिळून एकच प्रतिनिधी नेमण्याचे बंधन, हे दोन्ही घटनेत घालावे. मला पहिला उपाय अधिक पसंत आहे, कारण किंमत रास्त असली तरी शोकाकुल कुटुंबाशी भागांचा सौदा करण्याची वेळ कोणावर येऊ नये.

साठ-चाळीसच्या प्रमाणाबद्दल आपण निर्धास्त आहात, पण त्याचे गणित नीट पाहा. विशेष ठरावाला ७५ टक्के मते लागतात. घटनेतील बदल, कंपनीच्या मालमत्तेच्या मानाने फार मोठे व्यवहार, विलीनीकरण हे सारे विशेष ठरावाचे विषय आहेत, म्हणजे त्यांपैकी एकही गोष्ट आपण एकट्याने करू शकत नाही. याउलट भागीदाराच्या हाती, घटनेत काहीही लिहिलेले नसताना, बऱ्याच गोष्टी असतात. आपण त्याला डावलून कारभार केला तर तो अन्याय्य वागणुकीची तक्रार घेऊन न्यायालयात जाऊ शकतो, आणि न्यायालय त्याचे भाग विकत घेण्याचा आदेश आपल्याला देऊ शकते, घटना बदलू शकते किंवा शेवटी कंपनी गुंडाळणारा अवसायकही नेमू शकते. कंपनीच्या वतीने संचालकांवर दावा लावण्याची परवानगी त्याला मागता येते. काही मोठ्या बदलांच्या विरोधात त्याने मत दिले असेल, तर आपले भाग कंपनीनेच रास्त किमतीला घ्यावेत असेही तो म्हणू शकतो. हे हक्क न्याय्य आहेत आणि ते कमी करण्याच्या युक्त्या मी सुचवणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ६० टक्के म्हणजे पूर्ण सत्ता असे गृहीत धरून आफ्रिकेतील गुंतवणुकीचे वेळापत्रक आखू नका.

संचालकांविषयीही एक गैरसमज आहे. आपण नेमलेला संचालक हा आपला माणूस असला तरी त्याचे कर्तव्य कंपनीशी असते. संयुक्त उपक्रमाच्या कंपनीत नेमणाऱ्या भागधारकाचे हित पाहण्याची मोकळीक त्याला हवी असेल, तर ती घटनेत स्पष्ट शब्दांत द्यावी लागते. शब्द नसतील तर मोकळीकही नाही.

यापुढचा मुद्दा निर्णय कोठे होतो याचा आहे. आपली कंपनी बहुसंख्येने परदेशी मालकीची आणि मुख्यतः मॉरिशसबाहेर व्यवसाय करणारी असल्यामुळे तिला वित्तीय सेवा आयोगाकडून जागतिक व्यवसाय परवाना घ्यावा लागेल. जुनी दोन श्रेणींची पद्धत १ जानेवारी २०१९ पासून बंद झाली. आता परवान्यासाठी स्वतंत्र बुद्धीने निर्णय घेऊ शकतील अशा योग्यतेचे किमान दोन निवासी संचालक, मॉरिशसमधील मुख्य बँक खाते, तेथील नोंदणीकृत कार्यालयात ठेवलेले हिशेब, तेथे होणारे लेखापरीक्षण आणि किमान दोन स्थानिक संचालक सहभागी असलेल्या सभा, हे सर्व पाहिले जाते. याशिवाय मुख्य उत्पन्न देणारे काम तेथूनच चालले पाहिजे. सेवा कंपनीच्या पत्रात “अधिकृत कंपनी” असा दुसरा स्वस्त पर्याय दिला आहे, तो आपल्यासाठी नाही. त्या प्रकारच्या कंपनीचे नियंत्रण मॉरिशसबाहेर असावे लागते, करासाठी ती तेथील निवासी धरली जात नाही आणि देशादेशांतील करविषयक करारांचे लाभ तिला मिळत नाहीत.

हे दोन निवासी संचालक म्हणजे सहीसाठी ठेवलेली माणसे, असे समजू नये. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील एका उद्योगसमूहाच्या उपकंपनीत मी हे जवळून पाहिले. सारे निर्णय मालकांच्या व्हॉट्सॲप गटावर व्हायचे आणि पोर्ट लुईला फक्त ठराव सहीसाठी यायचा. एकदा मार्चअखेर जवळ आली असताना मोठा लाभांश पाठवण्याचा ठराव आला. तेथील कायद्यानुसार लाभांश देण्यापूर्वी मंडळाला पतक्षमतेची कसोटी लावावी लागते. कंपनी आपली देणी वेळच्या वेळी फेडू शकेल का, आणि तिची मालमत्ता ही देणी व भांडवल यांच्या बेरजेहून अधिक राहील का, असे हे दुहेरी प्रश्न आहेत. बाजूने मत देणाऱ्या संचालकांना तसे प्रमाणपत्र सही करून द्यावे लागते, आणि ते वाजवी आधाराशिवाय दिले असेल तर रक्कम परत करण्याची वैयक्तिक जबाबदारी त्यांच्यावर येऊ शकते. एका आफ्रिकी ग्राहकाची मोठी येणी बुडीत जाण्याच्या मार्गावर होती, म्हणून निवासी संचालक बाईंनी सही नाकारली. मालकांना तो अपमान वाटला. चार महिन्यांनी ती येणी खरोखरच बुडाली. लाभांश गेला असता तर पुरवठादारांची देणी थकली असती आणि संचालकांवर दावे लागले असते. त्या बाईंचा मला आजही आदर वाटतो, आणि असा संचालक मिळाला तर त्याच्या फीत घासाघीस करू नका असे मी प्रत्येकाला सांगतो.

निर्णयाच्या जागेचा संबंध भारतीय करांशीही आहे. परदेशी कंपनीचे प्रत्यक्ष व्यवस्थापन वस्तुतः भारतातून होत असेल, तर तिला भारतातील निवासी धरून तिच्या जगभरच्या उत्पन्नावर येथे कर लागू शकतो. वार्षिक उलाढाल ५० कोटी रुपयांपेक्षा अधिक नसलेल्या कंपन्यांना ही कसोटी लावू नये असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१७ मध्ये कळवले होते, पण आपला विस्ताराचा आराखडा पाहता त्या मर्यादेवर विसंबून कारभाराची सवय लावणे शहाणपणाचे नाही. सभेचा विषय आठवडाभर आधी पाठवावा, पर्यायांची टिपणे जोडावीत, चर्चा पोर्ट लुईत व्हावी आणि इतिवृत्तात विरोधी मतही लिहिले जावे. आपण मालक आहात, सूचना जरूर द्या, पण मंडळाने ती तपासून निर्णय घेतल्याचे कागदावर दिसले पाहिजे आणि ते खरेही असले पाहिजे.

कर हा विषय आपल्या सीएंकडे सोपवून मी दोनच गोष्टी नोंदवतो. मॉरिशसचा कंपनी कर १५ टक्के आहे, आणि ठरावीक प्रकारच्या उत्पन्नावर, उदाहरणार्थ अटी पाळून मिळालेल्या परदेशी लाभांशावर, ८० टक्के सूट मिळत असल्याने तेथे परिणामी दर ३ टक्के होतो. पंपांच्या विक्रीतील नफा त्या प्रकारात बसेल असे धरून चालू नका. भारत-मॉरिशस करविषयक करार १९८२ चा आहे. त्यातील भांडवली नफ्याची प्रसिद्ध सवलत १० मे २०१६ च्या सुधारणेने १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या भागांपुरती संपली, आणि तसेही आपला पैसा भारतातून बाहेर जाणार असल्याने तिचा आपल्याशी संबंध नाही. आपल्याशी संबंध आहे तो २०२२ च्या परकीय गुंतवणूक नियमांचा. एकूण बांधिलकी भोसरीच्या कंपनीच्या निव्वळ मूल्याच्या चारपटीच्या आत ठेवणे आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कामगिरी अहवाल अधिकृत बँकेमार्फत देणे चुकवू नका.

भोसरीची कंपनी या कंपनीला कर्ज देऊन तिच्या साऱ्या मालमत्तेवर तरता बोजा, म्हणजे बदलत राहणाऱ्या मालमत्तेवरचे तारण, चढवणार, असे करारात लिहिले आहे. हे कलम काढावे लागेल. नागरी संहितेतील स्थिर व तरते बोजे हे बँका आणि सरकारने मान्यता दिलेल्या संस्थांसाठी राखलेले आहेत. सामान्य कर्जदात्याला “गाज”, म्हणजे विशिष्ट वस्तूंचे किंवा भागांचे गहाण, हा मार्ग उरतो आणि त्याचा दस्त तेथील वकिलाकडूनच करून घ्यावा.

राहिला वादाचा प्रश्न. आपल्या करारात पुणे न्यायालयाचा अधिकार लिहिला आहे. पुण्याच्या न्यायालयाचा हुकूमनामा मॉरिशसमध्ये अमलात आणायचा तर तेथील सर्वोच्च न्यायालयाकडून वेगळी मान्यता घ्यावी लागते. उलट दिशेने पाहिले तर दिवाणी प्रक्रिया संहितेखाली भारताने ज्या देशांचे हुकूमनामे थेट अमलात आणण्याजोगे म्हणून अधिसूचित केले आहेत त्यांत मॉरिशस नाही, त्यामुळे तेथील निकालावर भारतात नवा दावा लावावा लागतो. लवादाच्या निवाड्याचे तसे नाही. परदेशी निवाड्यांना मान्यता देणाऱ्या न्यूयॉर्क करारात दोन्ही देश आहेत आणि भारताने २०१५ मध्ये मॉरिशसला त्या करारासाठी अधिसूचित केले आहे. म्हणून वाद लवादाकडे न्यावा आणि लवादाचे स्थान मॉरिशस ठेवावे असा माझा सल्ला आहे. घटनेतील वादांसाठी तर दुसरा पर्यायही नाही, कारण जागतिक व्यवसाय परवानाधारक कंपनीच्या घटनेत लवादाचे कलम घालायचे तर २००८ च्या आंतरराष्ट्रीय लवाद कायद्यानुसार स्थान मॉरिशसच असावे लागते. करार आणि घटना यांतील लवादाची कलमे एकसारखी असावीत, नाहीतर एकाच भांडणाचे दोन लवाद होतात.

तेथील न्यायालये निवाड्यांचा मान राखतात का, असे आपण विचाराल. याचे उत्तर बेटामॅक्स प्रकरणात आहे, आणि त्याचा एक धागा आपल्याच किनाऱ्याशी जोडलेला आहे. मंगळूरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून मॉरिशसला इंधन वाहून नेण्याचा करार तेथील सरकारी व्यापार महामंडळाने २००९ मध्ये बेटामॅक्स या कंपनीशी केला होता. सरकार बदलल्यावर २०१५ मध्ये तो मोडला गेला. लवादाने २०१७ मध्ये कंपनीला सुमारे ११.५ कोटी डॉलर देवविले. सार्वजनिक खरेदीच्या कायद्याचा भंग झाल्याने करारच बेकायदा होता, म्हणून निवाडा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो रद्द केला. जून २०२१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हा निर्णय फिरवला. करार त्या कायद्याखाली येतो की नाही हा प्रश्न लवादाने ठरवायचा होता आणि त्याने तो ठरवला होता, सार्वजनिक धोरणाच्या नावाखाली तो न्यायालयाला पुन्हा उघडता येणार नाही, असा त्याचा आशय होता. प्रतिपक्ष सरकारी महामंडळ, रक्कम देशाच्या तिजोरीला जाणवेल एवढी, आणि तरीही हा निकाल. लहान देशात बलाढ्य पक्षाविरुद्ध न्याय मिळेल का, या रास्त भीतीवर प्रिव्ही कौन्सिलची ही पायरी मोलाची आहे. भारताने ती १९४९ मध्ये बंद केली, मॉरिशसने स्वातंत्र्यानंतर आणि १९९२ मध्ये प्रजासत्ताक झाल्यावरही राखली. २००८ मध्ये तर प्रिव्ही कौन्सिलचे न्यायमूर्ती स्वतः पोर्ट लुईत येऊन सुनावणीसाठी बसले. लवादाच्या प्रकरणांत तीन नेमलेल्या न्यायाधीशांच्या खंडपीठानंतर तेथे थेट आणि हक्काने अपील जाते.

वकील निवडताना एक लक्षात ठेवावे की तेथे वकिली पेशाच्या तीन शाखा आहेत. न्यायालयात बाजू मांडणारा बॅरिस्टर, दाव्याची कागदपत्रे चालवणारा अटर्नी आणि स्थावर मालमत्तेचे दस्त करणारा नोटरी. तेथील नोटरी आपल्याकडच्या शिक्का मारणाऱ्या नोटरीहून पूर्णपणे वेगळा, मोठ्या जबाबदारीचा विधिज्ञ असतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतील सॉलिसिटर आणि काउन्सेल ही जोडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना पहिल्या दोहोंचे नाते चटकन कळेल. आपल्या कामासाठी कंपनी कायदा आणि नागरी संहिता दोन्ही जाणणारा बॅरिस्टर आधी नेमावा आणि वारसा व विवाह व्यवस्थेचा भाग एखाद्या नोटरीकडून तपासून घ्यावा.

कामाचा क्रम मी असा ठेवीन. आधी भागीदाराशी समोरासमोर बसून मृत्यू, घटस्फोट, भांडवलाची पुढली गरज आणि बाहेर पडण्याची किंमत या चार गोष्टींवर मराठीतच मोकळेपणाने बोलून घ्यावे आणि जे ठरेल ते दोन पानांत लिहावे. त्यावरून घटना नव्याने लिहून घ्यावी, करार तिच्याशी जुळवून घ्यावा, निवासी संचालकांना स्वतः भेटून निवडावे आणि त्यानंतर परवान्याचा अर्ज करावा. सेवा कंपनीने सहीसाठी दिलेली शुक्रवारची मुदत ही तिच्या सोयीची आहे. ती पाळण्याचे आपल्यावर कोणतेही बंधन नाही, तेव्हा त्यांना आजच तसे कळवावे.